बिदागी, वर्गणी व तैनात : स्त्रियांच्या धंदेवाईक खेळाचा जमाखर्च

सनदा, वंशावळी, कैफियती आणि शकावल्या यांची ज्यांस सवय आहे अशा आपल्या वाचकांस प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. स्त्रियांनीं द्रव्य घेऊन मैदानांत खेळावें, लोकांनीं द्रव्य देऊन तें पाहावें, आणि या दोहोंच्या मध्यें जी मंडळी उभी असते तिच्या वहीचा मेळ बसतो कीं नाहीं याची चौकशी करावी, यांत इतिहाससंशोधकाचें काय काम, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणतां येणार नाहीं. माझें उत्तर एवढेंच कीं, जमाखर्चाचा कागद हें अव्वल दर्जाचें साधन आहे असें आपणच गेलीं शंभर वर्षें प्रतिपादीत आलों आहों. बखर धन्याच्या मर्जीसाठीं लिहिली जाते. रोजकीर्द कारकून स्वतःच्या बचावासाठीं लिहितो. पागेंतील घोड्यांच्या चंदीचा तपशील छापावयास आपण मागेंपुढें पाहत नाहीं, तर आपल्या डोळ्यांदेखत पन्नास वर्षांत उभा राहिलेल्या एका नव्या धंद्याचा तपशील नष्ट होण्यापूर्वीं टिपून ठेवण्यास हरकत नसावी.

या विषयावर दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, स्त्रियांचा खेळ स्वतःच्या पायांवर उभा राहूंच शकत नाहीं. तो पुरुषांच्या खेळाच्या उत्पन्नावर पोसला जातो. दुसरें असें कीं, प्रेक्षक आहेत, पैसा आहे, केवळ कोणी संधि दिली नाहीं. दोन्ही मतें मोठ्या आवेशानें मांडलीं जातात. वही मात्र कोणी उघडीत नाहीं.

प्रथम परदेशाची हकीकत पाहूं. इंग्लंडांत प्रेस्टन येथील डिक केर या कारखान्यांतील कामकरी स्त्रियांचा फुटबॉल संघ पहिल्या महायुद्धाच्या काळांत निघाला. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानांत त्यांचा सामना पाहावयास ५३,००० लोक जमले. उत्पन्न धर्मादायास जात असे. पुढें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, तेथील फुटबॉल संघटनेनें आपल्या सभासदांच्या मैदानांवर स्त्रियांस खेळूं देण्यास मनाई केली. खेळ स्त्रियांस अयोग्य, हें एक कारण दिलें. परंतु ठरावांत दुसरें एक कलम होतें तें आपल्या कामाचें आहे. जमलेल्या पैशांपैकीं फार मोठा भाग खर्चांत जातो आणि धर्मादायास पुरेसा पोंचत नाहीं, असा तो आक्षेप होता. म्हणजे स्त्रियांनीं खेळावें तर फुकट खेळावें, प्रवासखर्चाचाहि हिशेब द्यावा, अशी अपेक्षा होती. ही मनाई जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. ५३,००० प्रेक्षक असतां प्रेक्षकांच्या अभावीं खेळ बुडाला असें कोणास म्हणतां येईल?

आईस हॉकीची, म्हणजे गोठविलेल्या बर्फावर पायांत धारदार पात्यांचे जोडे घालून खेळावयाच्या हॉकीची, कथा याहून अलीकडची आहे. कॅनडांत २००७ सालीं स्त्रियांची एक लीग निघाली. पहिलीं दहा वर्षें खेळाडूंस वेतन असें मिळालेंच नाहीं. २०१७ पासून मोसमास दोन हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत मानधन देऊं लागले, आणि २०१९ सालीं आर्थिक दृष्ट्या हा व्यवहार टिकणारा नाहीं असें जाहीर करून लीग बंद केली. अमेरिकेंत २०१५ सालीं निघालेल्या दुसऱ्या लीगनें प्रारंभापासून वेतन दिलें, पण दुसऱ्याच मोसमांत, २०१६ च्या नोव्हेंबरांत, तें निम्म्यापर्यंत खालीं आणलें. २०२३ सालीं मार्क वॉल्टर या धनिकाच्या समूहानें ती लीग विकत घेऊन बंद केली व १ जानेवारी २०२४ पासून सहा संघांची नवी लीग सुरू केली. यांत सर्व संघ एकाच मालकाचे आहेत आणि खेळाडूंच्या संघटनेशीं लेखी करार आहे. सरासरी वार्षिक वेतन ५५,००० डॉलर ठरलें. २० एप्रिल २०२४ रोजीं माँट्रियल येथें एका सामन्यास २१,१०५ प्रेक्षक होते. येथें ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, २०१९ आणि २०२४ यांच्या दरम्यान प्रेक्षक आकाशांतून पडले नाहींत. मध्यंतरीं बदलला तो आश्रयदाता, आणि अनेक वर्षें तोटा सोसण्याची त्याची तयारी.

आश्रय हा शब्द आला म्हणून किंचित् विषयांतर करतों. खेळतमाशाच्या अर्थव्यवहाराचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत बाहेरून आलेल्या वादकमंडळीनें पांच पण ‘प्रेक्षावेतन’ राजास भरावें असें सांगितलें आहे. वेतन हा शब्द ऐकून तें प्रेक्षकानें द्यावयाचें असा कोणाचा समज होईल, तसें नाहीं. खेळ करणाऱ्यानें खेळ दाखविण्याच्या हक्काबद्दल भरावयाचा हा कर आहे. तिसऱ्या अधिकरणांत ग्रामाच्या सामायिक प्रेक्षेंत जो आपला अंश घालीत नाहीं त्यास व त्याच्या घरच्यांस ती पाहूं देऊं नये असा निर्बंध आहे. म्हणजे हक्काचा दाम आणि प्रेक्षकांची वर्गणी या दोन्ही कल्पना त्या ग्रंथकारास ठाऊक होत्या. पुढें दरबारांतून कलावंतास प्रसंगीं मिळे ती बिदागी, आणि नित्य मिळे ती तैनात. या तीन शब्दांत, बिदागी, वर्गणी व तैनात यांत, स्त्रियांच्या खेळाचा अलीकडचा इतिहास बराचसा सांगून होतो. म्हणून मथळ्यास तेच घेतले.

भरलेलें थिएटर आणि रिकामी तिजोरी हीं एकत्र नांदूं शकतात हें महाराष्ट्रास नाटकमंडळ्यांनीं शिकविलें आहे. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीस प्रेक्षकांची वाण कधींच नव्हती, तरी कर्जानें ती वांकली. १९२९ सालीं हिराबाई बडोदेकर यांनीं काढलेली मंडळी थोड्याच वर्षांत आवरावी लागली. मैदानी खेळांत स्त्रीचें नांव लोकांनीं तिकीट काढून पाहिलें तें प्रथम कुस्तींत. हमीदा बानू ही उत्तरेकडील स्त्री मल्ल १९५४ च्या सुमारास मुंबईंत व बडोद्यांत गाजली. परंतु पुण्यांत रामचंद्र साळुंके या मल्लाशीं ठरलेली तिची कुस्ती कुस्तीगिरांच्या संस्थेनें हरकत घेतल्यामुळें रद्द झाली. तिच्या कुस्त्यांस गर्दी लोटे ती कुतूहलानें; आणि कुतूहलाचें तिकीट माणूस एकदांच काढतो. खेळाचें तिकीट तो पुनःपुन्हा काढतो. हा भेद न ओळखल्यामुळें पुष्कळ हिशेब चुकले आहेत.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. आपल्या देशांत स्त्रियांच्या ज्या एका खेळाचा धंदा खऱ्या अर्थानें उभा राहिला तो क्रिकेटचा, आणि त्याचा पाया बव्हंशीं महाराष्ट्रांत घातला गेला. १९७३ सालीं लखनौ येथें महेंद्रकुमार शर्मा यांनीं भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदविली. तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षीं एप्रिलांत पुण्यास झाली. संघ तीनच होते : मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश. वर्ष संपण्यापूर्वीं वाराणसीच्या स्पर्धेस आठ संघ आले, आणि त्यापुढील कलकत्त्याच्या स्पर्धेस चौदा. मुंबईंत आलू बामजी यांचा अल्बीज क्लब तत्पूर्वींच मुलींस खेळवीत होता. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील संघ आला तेव्हां पहिला सामना पुण्यास झाला. १९७६ सालीं वेस्ट इंडीजशीं कसोटी सामने झाले, त्यांतील पाटण्याचा सामना शांता रंगस्वामी यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें जिंकला. १९७८ च्या प्रारंभीं तर विश्वचषकच भारतांत भरला आणि मुंबईच्या डायना एडलजी कर्णधार झाल्या. पांच वर्षांत शून्यापासून विश्वचषकापर्यंत! इतका वेग पुरुषांच्या क्रिकेटनेंहि दाखविला नव्हता.

पण ही सर्व चढण वर्गणीवर झाली. संघटनेस ठराविक उत्पन्न नव्हतें. खेळाडू रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करीत, शाळांच्या वर्गांत अगर धर्मशाळेसारख्या निवासांत निजत, आणि थोड्याच बॅटी साऱ्या संघानें मिळून वापरीत. हें त्या पिढीच्या अनेक खेळाडूंनीं सांगितलें आहे. १९८८ च्या विश्वचषकांत भारतीय संघ उतरलाच नाहीं. १९८६ नंतर १९९१ पर्यंत एकहि आंतरराष्ट्रीय सामना झाला नाहीं. म्हणजे सोळाव्या वर्षीं तयार झालेली मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत वाटच पाहत बसली. संघटनेच्या चिटणीस राहिलेल्या नूतन गावसकर यांनीं २०२५ सालीं सांगितलेली एक आठवण येथें नमूद करण्याजोगी आहे : इंग्लंडच्या एका दौऱ्याच्या विमानभाड्यासाठीं अभिनेत्री मंदिरा बेदी यांनीं हिऱ्याच्या दागिन्यांच्या जाहिरातीचें आपलें मानधन संघटनेस देऊन टाकलें. दानशूरपणा वंद्य खरा. परंतु ज्या राष्ट्रीय संघाचा दौरा एका नटीच्या उदारतेवर अवलंबून असतो त्याच्या वहींत ‘जमा’ या सदराखालीं काय असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. २००५ सालीं हा संघ दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. मिताली राज यांच्या सांगण्याप्रमाणें त्या स्पर्धेंत प्रत्येकीस सामन्यामागें एक हजार रुपये मिळाले.

माझ्या शिक्षकीच्या दिवसांतील एक गोष्ट आठवते. ज्या शाळेंत मीं बरीच वर्षें काम केलें तेथील जमाखर्चांत मुलांच्या खेळांस स्वतंत्र खातें होतें; मुलींच्या खेळांचा खर्च ‘किरकोळ’ या सदरांत, शाई व खडूच्या शेजारीं, पडत असे. मी स्वतः कित्येक वर्षें तेथें सही करीत आलों आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें मला वाटलें नाहीं. पुढें कोणी त्या वह्यांवरून मुली खेळतच नव्हत्या असें अनुमान काढील तर तो दोष माझाहि आहे.

मग इतकीं वर्षें हा खेळ जगला कसा? माझ्या मतें याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : रेल्वे. रेल्वेनें खेळाडू स्त्रियांस नोकरी दिली. डायना एडलजी स्वतः पश्चिम रेल्वेंत होत्या, आणि स्त्रियांस रेल्वेंत जागा मिळाव्या म्हणून त्यांनीं खटपट केली. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षें अजिंक्य राहिला तो उगाच नव्हे. उत्तम खेळाडू तेथें जात, कारण महिन्याच्या अखेरीस पगार मिळे, खेळण्यास रजा मिळे, आणि खेळ सुटल्यावरहि नोकरी सुटत नसे. हीच तैनात. हा खर्च क्रिकेटच्या कोणत्याहि वहींत दिसत नाहीं. तो रेल्वेच्या पगारपत्रकांत आहे. स्त्रियांच्या क्रिकेटचें या काळचें उत्पन्न व खर्च मांडणारानें हें विसरतां कामा नये.

२००६ च्या नोव्हेंबरांत संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळांत विलीन झाली. त्या वेळीं पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी चिटणीस होत्या. विलीनीकरणानें दारिद्र्य संपलें, पण लगेच समृद्धि आली नाहीं. स्त्रियांस मंडळाचा वार्षिक करार प्रथम मिळाला तो २०१५ सालीं. वरच्या श्रेणीस १५ लाख, खालच्या श्रेणीस १० लाख. २०२३ च्या यादींत स्त्रियांची वरची श्रेणी ५० लाखांची होती, पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची. मात्र सामन्याचें मानधन २७ ऑक्टोबर २०२२ च्या घोषणेनें समान झालें : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख. हजार रुपयांपासून सहा लाखांपर्यंतचें हें अंतर सतरा वर्षांचें आहे.

आतां ज्या प्रश्नासाठीं हें टिपण लिहावयास घेतलें त्याकडे येऊं. २०२३ च्या मार्चांत मुंबई व नवी मुंबई येथें पांच संघांची स्त्रियांची लीग प्रथम भरली. हिचे आंकडे जाहीर झालेले असल्यामुळें हिशेब मांडतां येतो. पांच संघांचे हक्क २५ जानेवारी २०२३ रोजीं विकले गेले : अहमदाबाद १,२८९ कोटी, मुंबई ९१२.९९, बंगळूर ९०१, दिल्ली ८१०, लखनौ ७५७, एकूण ४,६६९.९९ कोटी, दहा वर्षांच्या हक्कापोटीं. प्रक्षेपणाचे हक्क पांच वर्षांसाठीं ९५१ कोटींस गेले, म्हणजे वर्षास १९०.२ कोटी. खेळाडूंच्या खरेदीसाठीं प्रत्येक संघास १२ कोटींची मर्यादा होती. १३ फेब्रुवारीच्या लिलावांत ८७ स्त्रिया ५९.५ कोटींस घेतल्या गेल्या; सांगलीच्या स्मृति मानधना यांस बंगळूरनें दिलेले ३.४० कोटी हा त्यांतील सर्वांत मोठा आंकडा.

सर्वांत स्वस्त संघ घेऊं, लखनौचा. दहा वर्षांची सरासरी काढली तर त्यास दरसाल हक्कापोटीं ७५.७ कोटी, व खेळाडूंचे १२ कोटी, मिळून ८७.७ कोटी नांवें पडतात. प्रवास, निवास, शिक्षक हा खर्च वेगळाच. जमेच्या बाजूस काय? प्रक्षेपणाचें सर्व द्रव्य मंडळानें स्वतः एक पैसाहि न ठेवतां पांच संघांत वांटलें असें क्षणभर धरलें, तरी वांटणीस ३८.०४ कोटी येतात. उरलेले जवळजवळ ५० कोटी मालकानें जाहिरातींतून व तिकिटांतून उभे करावे, नाहीं तर पदरचे घालावे. अहमदाबादच्या मालकाची तूट याच रीतीनें १०२ कोटींच्या वर जाते. मोसमांत सामने अवघे २२.

या आंकड्यांवरून लीग तोट्याची असें म्हणणारा एका वहीपुरता खरा बोलतो. परंतु वह्या तीन आहेत. मंडळाच्या वहींत, कौटिल्याच्या राजाप्रमाणें, प्रेक्षावेतन जमा होतें. त्यास पहिल्या दिवसापासून लाभ आहे. मालकाच्या वहींत तूट आहे, ती त्यानें डोळे उघडे ठेवून पत्करली आहे, कारण पांच वर्षांनंतर प्रक्षेपणाचा दर वाढेल आणि संघाची विक्रीची किंमतहि वाढेल असा त्याचा अंदाज आहे. तो चुकलाच तर त्याचे दुसरे धंदे आहेत. तिसरी वही खेळाडूची. तिच्यांत ८७ जणींस सरासरी अडुसष्ट लाख जमा आहेत. परंतु सरासरी हा फसवा शब्द आहे, कारण एका संघाच्या १२ कोटींपैकीं चतुर्थांशाहून अधिक एकटीस मिळाले. आणि त्या ८७ जणींबाहेर राज्यसंघांतून खेळणाऱ्या शेंकडों मुली आहेत. त्यांचें दिवसाचें मानधन २०,००० होतें, तें डिसेंबर २०२५ मध्यें ५०,००० करण्याचें मंडळानें ठरविलें. माझ्या समजुतीप्रमाणें धंदा टिकणार कीं नाहीं याचा निर्णय कोट्यवधींच्या लिलावावरून होणार नाहीं, या शेवटच्या आंकड्यावरून होईल. लिलाव ही बिदागी आहे. मालकाचें मन फिरलें कीं संपली. दिवसाचें मानधन ही तैनात आहे.

हें माझें मत केवळ पुस्तकी नाहीं. सोलापूर जिल्ह्यानें त्याचें उदाहरण पुरविलें आहे. सोलापुरानें क्रिकेटला पूर्वीं पॉली उम्रीगर दिले, १९२६ सालीं ते येथें जन्मले. पण त्यांचें क्रिकेट मुंबईंत घडलें. किरण नवगिरे या माळशिरस तालुक्यांतील मिरे गांवच्या. शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेली ही मुलगी प्रथम भाला व गोळा फेकीत असे. महाराष्ट्रांतून खेळल्यावर ती पाहुणी खेळाडू म्हणून नागालँडकडे गेली, आणि २०२२ सालीं अरुणाचल प्रदेशाविरुद्ध तिनें ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. वीस षटकांच्या सामन्यांत दीडशेंचा पल्ला कोणाहि भारतीयानें, स्त्रीनें वा पुरुषानें, तोंपर्यंत गांठला नव्हता. त्याच वर्षीं मे महिन्यांत पुण्यास ३४ चेंडूंत ६९ काढल्या. लिलावांत लखनौच्या संघानें तिला ३० लाखांस घेतलें. ५ मार्च २०२३ रोजीं ती पहिल्या सामन्यास उतरली तेव्हां तिच्या बॅटीवर कोणत्याहि कंपनीचें चिन्ह नव्हतें. तेथें तिनें महेंद्रसिंग धोनी यांच्या नांवाचीं आद्याक्षरें व त्यांचा क्रमांक स्वतःच्या हातानें लिहिला होता. त्या बॅटीनें तिनें ५३ धावा केल्या. ज्या लीगचे हक्क ४,६६९.९९ कोटींस गेले तिच्यांतील एका खेळाडूच्या बॅटीची चार बोटें रुंद जागा विकत घेणारा एकहि व्यापारी नव्हता, ही गोष्ट मला त्या साऱ्या आंकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढें १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिनें नागपूर येथें महाराष्ट्रातर्फें पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलें. स्त्रियांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्यें इतकें जलद शतक तत्पूर्वीं झालें नव्हतें. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारतीय संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला. मंडळानें ५१ कोटींचें बक्षीस जाहीर केलें.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. २०२३ नंतरचे आंकडे शंभर ठिकाणीं छापले आहेत, ते राहतील. १९७३ ते २००६ या तेहेतीस वर्षांचे कागद मात्र संस्था विलीन झाल्यावर ज्याच्या त्याच्या घरीं गेले : वर्गणीच्या पावत्या, देणगीदारांच्या याद्या, स्मरणिकांतील जाहिराती, दौऱ्यांच्या पैशासाठीं लिहिलेलीं विनंतिपत्रें, धांवफलकांच्या वह्या. स्मरणिका तर हटकून रद्दींत जातात, आणि कोणत्या दुकानदारानें किती रुपयांची जाहिरात दिली हें तेथेंच सांपडतें. आपणांपैकीं पुष्कळजण दर आठवड्यास रद्दीवाल्यांकडे पोथ्यांच्या शोधांत जातात. एखाद्या गठ्ठ्यांत १९७३ च्या एप्रिलांतील पुण्याच्या स्पर्धेचें एखादें चिठोरें हातीं लागलें, तर तें शके लिहिलेलें नाहीं व मोडींत नाहीं म्हणून परत टाकूं नये. पाकिटावर सांपडल्याची तारीख व ठिकाण घालून ठेवावें. चिकटपट्टी लावूं नये, टांचण्या काढून टाकाव्या, आणि मागील कोऱ्या बाजूस कांहीं हिशेब खरडला असेल तर त्याचीहि नक्कल घ्यावी.